दोन जून असती तर

आमचे अण्णा ३१ मे २०२४ रोजी निवृत्त झाले. शुक्रवार होता, आणि शाळेला महिनाभरापासून कुलूप होतं. पस्तीस वर्षांहून जास्त नोकरी करून माणूस ज्या दिवशी सुटतो त्या दिवशी वर्गात एकही लेकरू नसावं, याचं मला फार वाटलं. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "एक जूनवाल्यांचं असंच असतं. मेच्या उन्हातच सुटतोय आम्ही."

ज्यांच्या घरात कुणी शिक्षक नाही त्यांच्यासाठी सांगते. जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक ज्या महिन्यात अठ्ठावन्न वर्षांचा होतो, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच घरी जायचं. अण्णांची जन्मतारीख १ जून १९६६, म्हणून ३१ मे. आणि १ जून ही तारीख म्हणजे काय ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. आपल्याकडच्या पन्नाशी-साठीच्या माणसांच्या घोळक्यात उभं राहून "एक जून!" म्हणून हाक मारा, किती माना वळतात बघा. शाळा जूनमध्ये भरायची, पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागायची, आईबापाला तारीख सांगता यायची नाही. मग गुरुजी हिशेब सोपा करायचे.

अण्णांचं नाव पटावर पडलं ते बाहत्तरच्या दुष्काळात. आजी खडी फोडायच्या कामावर जायची. धाकटं कडेवर, हे मधलं बोट धरून. कामावर उन्हात बसवण्यापेक्षा शाळेच्या सावलीत बसेल म्हणून तिनं त्यांना गुरुजींच्या पुढ्यात नेऊन उभं केलं. गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगितलं. अण्णांचा हात पुरला का, यावर घरात अजून वाद आहे. आजी म्हणायची पुरला. अण्णा म्हणतात, मी मान वाकडी केली होती. गुरुजींनी विचारलं, "कधीचं लेकरू?" आजी म्हणाली, "पोळ्याचं." बैल धुवायला ओढ्यावर नेले होते आणि हिला कळा सुरू झाल्या, एवढं तिला पक्कं आठवायचं. साल विचारलं तर म्हणायची, धाकट्या नंदेचं लगीन झालं त्याच्या दुसऱ्या साली. नंदेच्या लग्नाचं साल कुणालाच माहीत नव्हतं. गुरुजींनी १ जून १९६६ लिहून टाकलं.

पोळा येतो ऑगस्टच्या शेवटाला नाहीतर सप्टेंबरात. आजीचं धरलं आणि साल तेच मानलं तर अण्णांना नव्या वर्षाची शाळा मिळाली असती, पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन मिळालं असतं. पण खरी गंमत वेगळीच आहे. ती पेन्शनचं प्रकरण तयार करताना अण्णांच्या एका मित्राच्या लक्षात आली. हे मित्रही शिक्षकच, आणि नियमांचे किडे. म्हणाले, "गुरुजींनी एकच्या जागी दोन लिहायला पाहिजे होतं."

२ जून असती तर अण्णा ३० जूनला निवृत्त झाले असते. पंधरा जूनला शाळा उघडली असती, पहिलीची नवी पोरं त्यांच्या हातून दाखल झाली असती. शिवाय वेतनवाढ. आमच्याकडे वार्षिक वेतनवाढ १ जुलैला पडते. ३० जूनला निवृत्त होणाऱ्याची ती एका दिवसानं हुकायची. त्यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूनं लागला, आणि आता ३० जूनवाल्यांना ती वाढ पेन्शनच्या हिशेबात धरून मिळते. ३१ मेवाल्यांना नाही. म्हणजे १९७२ साली दौतीत टाक बुडवून कुणीतरी एक आकडा लिहिला, त्याचा फरक आमच्या घरात जन्मभर दर महिन्याला पडणार.

मी चिडले होते. पुण्यात बसून चिडायला काय जातं. अण्णा म्हणाले, "त्यांनी नाव घेतलं हे बघ. आमच्या आळीतल्या किती जणांचं घेतलंच नाही कुणी. ते एक जूनलाबी निवृत्त झाले नाहीत अन् दोन जूनलाबी नाहीत. अजून कोयता चालवायलेत."

कोयत्याचं सांगायलाच पाहिजे, कारण अण्णांची नोकरी म्हणजे निम्मी तीच. आमचा पाटोदा तालुका, जिल्हा बीड. दसरा-दिवाळी झाली की वस्त्या रिकाम्या होतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची आणि साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, सांगली-कोल्हापूर-कर्नाटकात ऊस तोडत ती फेडायची. लेकरं ट्रॅक्टरवर भांड्याकुंड्यांबरोबर जातात. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला म्हणून, मुलगा वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करायला म्हणून. दिवाळीच्या आधी अण्णांचा पट बेचाळीस असायचा आणि सुट्टी संपवून शाळेत जावं तर बारा.

हंगामी वसतिगृहं पुढं आली. आजी-आजोबांकडं मागं राहिलेल्या मुलांना दोन वेळचं जेवण शाळेतून मिळायला लागलं, तेव्हा थोडा फरक पडला. त्याच्या आधी अण्णांकडे एकच उपाय होता, दारोदार जायचं. रात्री आठनंतर, कारण दिवसा कुणी सापडायचं नाही. एम-एटी गाडीवर मागं मला बसवून न्यायचे कधीकधी. माझा उपयोग असा, की बायका मला बघून चहा टाकायच्या, आणि चहा होईपर्यंत बोलायला वेळ मिळायचा. "हिला ठेवा म्हातारीपाशी. चौथीची परीक्षा होऊ द्या." कधी ऐकायचे, जास्त वेळा नाही. अण्णा कुणाला दोष द्यायचे नाहीत. म्हणायचे, उचल घेतली की माणूस स्वतःचा राहत नाही, मग लेकराचा कुठून राहील?

जी जायची त्यांची नोंद एका लांबट वहीत असायची. नाव, इयत्ता, कुठल्या कारखान्यावर, मुकादम कोण, आणि कुठपर्यंत शिकवून झालंय ते. 'हातच्याची वजाबाकी बाकी.' 'जोडाक्षरं येतात, वाचताना अडखळते.' एप्रिलमध्ये लेकरं परत आली की त्या नोंदीपासून पुढं सुरू. एप्रिलमध्ये सुरू केलेलं एप्रिलमध्ये संपणार थोडंच, मग मे महिन्यातही शाळेसमोरच्या लिंबाखाली सकाळी साडेसातला वर्ग भरायचा. शासनाच्या कागदावर सुट्टी, आमच्याकडे शाळा. आईची तक्रार अशी, की या माणसानं मला कधी मे महिन्यात माहेरी पोचवलं नाही.

याच वस्तीवर अण्णांनी जन्मतारखांचा एक उद्योग केला. सुरुवातीची काही वर्षं तेही सरळ १ जून लिहीत होते. मग कधीतरी त्यांनी शाळेच्या कपाटात जुनी कालनिर्णयं साठवायला सुरुवात केली. मूल दाखल करायला आई आली की विचारायचे, कोणत्या सणाच्या आसपास? पाऊस होता का? ज्वारी काढली होती का? कारखान्यावर झालं का घरी? आणि मग त्या सालाचं कालनिर्णय काढून नागपंचमी कधी होती, पाडवा कधी होता ते बघून तारीख घालायचे. तारीख बरोबर की नाही देव जाणे, पण निदान त्या आईच्या तोंडून निघालेली असायची. पुढं दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, दाखले आले, आधार आलं, तेव्हा कालनिर्णयांचं काम संपलं. शाळेच्या जनरल रजिस्टरात मात्र मधली आठ-दहा वर्षं अशी आहेत की पानंच्या पानं सणांची. एक जून शोधावी लागते.

हे त्यांनी का सुरू केलं ते कधी बोलले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "एका दिवशी सगळ्यांचे वाढदिवस, लेकरांना चॉकलेटं कोण वाटणार?"

निवृत्तीचं वर्ष कागदांत गेलं. सेवापुस्तक पडताळून घ्यायचं, ना-देय दाखले गोळा करायचे, आणि पेन्शनसाठी नवराबायकोचा जोडीचा फोटो. पाटोद्याच्या स्टुडिओत फोटो काढायचा म्हणून आई पैठणी नेसून तयार. अण्णा म्हणाले, "अगं, सरकारी फोटो आहे." आई म्हणाली, "तुम्ही गेल्यावर माझी पेन्शन ह्याच फोटोवर निघणार ना? मग मी बरी दिसायला नको?" फोटोत अण्णांचा चेहरा पडलेला आणि आई हसतेय. हाच फोटो मंजूर झाला.

सेवापुस्तक मी पहिल्यांदाच हातात घेतलं. पहिल्या पानावर तरुण अण्णा, कानांवर केस, अंगावरच्या खुणेत 'डाव्या भुवईवर जखमेचा व्रण'. १९८८ ची नेमणूक, वेतनश्रेणी १२००-२०४०. मग पानोपानी बदल्या, वेतनवाढी, रजा. बाळंतपणाला आई दवाखान्यात असताना घेतलेली रजा दोन दिवसांची. आईनं तेवढंच पान दोनदा वाचलं.

त्या पुस्तकात जे नाही ते मला जास्त आठवतं. जनगणना, पल्स पोलिओ, मतदार याद्या, घरोघरी शौचालय आहे का याचा सर्व्हे. १९९५ ला शाळेतून तांदूळ मिळायला लागला, मुलामागे महिन्याला तीन किलो, हजेरी ऐंशी टक्के भरली तर. तेव्हा अण्णा तराजू घेऊन बसायचे. पुढं शिजवलेली खिचडी आली तर चुलीच्या धुराचे आणि मिठाच्या हिशेबाचे. निवडणुकीची ड्युटी तर दर वेळी, आणि दर वेळी शिव्या. मतदानाच्या आदल्या दिवशी ट्रकमधून पेट्या घेऊन जायचं, शाळेच्या फरशीवर झोपायचं. २०२४ ला बीडचं मतदान १३ मेला होतं. निवृत्ती तोंडावर असल्यानं या वेळी अण्णांना आदेश आला नाही. आठवडाभर ते प्रत्येकाला फोन करून विचारत होते, "तुला कुठलं केंद्र आलं?" तेरा मेला सकाळी सात वाजता मतदान करून आले आणि दिवसभर दारात खुर्ची टाकून बसले. आई म्हणाली, "जा, त्या पोरांना पाणी तरी देऊन या बूथवर." गेलेही.

मुलांसमोरचा शेवटचा दिवस खरं तर एक मे. झेंडावंदन झालं, निकाल वाचला. मी रजा टाकून गेले होते. अण्णा नेहमीसारखे प्रत्येकाचं नाव घेऊन, प्रगतिपुस्तक हातात देऊन, पाठीवर थाप. चौथीतल्या पोरीला म्हणाले, पाचवीला घरी बसू नको. तिनं विचारलं, "गुरुजी, तुम्ही जूनला येणार ना?" बाजूचे सर काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "जूनला नवे सर येणार. त्यांना इंग्रजी चांगलं येतं." नवे सर कोण हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आजही त्या जागेवर कायमचं कुणी आलेलं नाही.

चार्ज देण्याचा दिवस मात्र मजेचा झाला. द्विशिक्षकी शाळा, अण्णा ज्येष्ठ म्हणून मुख्याध्यापकाचा कारभार त्यांच्याकडे. धाकट्या सरांना एकेक वस्तू मोजून द्यायची. जाड साठा नोंदवहीत १९८७ च्या खडू-फळा मोहिमेतलं सामान अजून जिवंत: पृथ्वीगोल, ढोलकी, मंजिऱ्या, विज्ञानपेटी. पृथ्वीगोलावर सोव्हिएत संघ शाबूत. ढोलकीचं एक पान फाटलेलं. 'नादुरुस्त' लिहायचं का 'दुरुस्तीयोग्य' यावर दोघांचं अर्धा तास चाललं, कारण नादुरुस्त लिहिलं की निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू वहीतून कमी करायचा, प्रस्ताव करावा लागतो. शेवटी 'दुरुस्तीयोग्य' लिहिलं. धाकटे सर वैतागून म्हणाले, "मी रिटायर होईपर्यंत ही ढोलकी दुरुस्तीयोग्यच राहणार बघा." त्या सरांची नोकरी १ नोव्हेंबर २००५ नंतरची, त्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात अण्णा त्यांच्याबरोबर उन्हात मोर्च्यात चालले होते. माझी आहे म्हणून मी घरी बसू का, म्हणाले होते.

कालनिर्णयांचा गठ्ठा कुठल्याच नोंदवहीत नव्हता. तो घरी आला.

सेवापूर्तीचा सोहळा ३१ मेला संध्याकाळी, मंगल कार्यालयात. मला असले सोहळे सोसत नाहीत. व्यासपीठावर अठरा माणसं, प्रत्येकाला फेटा, प्रत्येकाचं भाषण, आणि प्रत्येक भाषणात शिक्षक हा समाजाचा कणा. पंखे गरम हवा फेकत होते. आई-अण्णांना जोडीनं सोफ्यावर बसवलेलं. शाली इतक्या जमल्या की आईनं दुसऱ्या दिवशी मोजून वाटण्याच्या केल्या. पण माजी विद्यार्थी आले होते ते बघण्यासारखं होतं. एसटीचा वाहक, दोघं पोलीस, एक नर्स, एक मुकादम. हो, मुकादमही. तो हसत म्हणाला, "गुरुजींनी हिशेब पक्का केला ना माझा." अण्णांनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी सुनावलेलं मी पाहिलं. त्या नर्सनं माइकवर सांगितलं, "माझी तारीख गुरुजींनी नागपंचमीची लिहिली. आईला विचारलं तर ती म्हणती, मी राखीपुनव सांगितली होती." सगळे हसले, अण्णा सगळ्यात जास्त.

अण्णा बोलायला उठले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. आभाराची नावं असतील असं वाटलं. कागदावर वहीतून उतरवून आणलेली मुलांची नावं होती, जी ट्रॅक्टरवरून परत आलीच नाहीत किंवा आली तेव्हा शाळेच्या वयाच्या पुढं गेली होती. वीसेक असतील. इयत्ता आणि सालासकट वाचली. "एवढी राहिली," म्हणाले आणि बसले. सभागृहात कुणाला टाळी वाजवावी का कळेना. सूत्रसंचालकानं घाईघाईनं जेवणाची सूचना दिली. घरी आल्यावर आईनं धारेवर धरलं, "चांगल्या सोहळ्यात असं वाचतात का?" मला विचाराल तर संध्याकाळभरात कामाचं तेवढंच बोललं गेलं.

दुसऱ्या दिवशी, १ जूनला, सकाळपासून वाढदिवसाचे फोन. अण्णांच्या शिक्षकमित्रांच्या व्हॉट्सअॅप गटावर त्या दिवशी कोण कुणाला शुभेच्छा देतंय तेच कळत नाही, सगळेच एकमेकांना केक पाठवत असतात. त्यातले पाच जण आदल्या दिवशीच निवृत्त झालेले.

पंधरा जूनला शाळा भरणार म्हणून आईनं हुशारीनं त्यांना चौदालाच माझ्याकडे पुण्याला आणलं. उपयोग झाला नाही. सकाळपासून धाकट्या सरांना फोन. पहिलीला किती आले? सात. पुस्तकं वाटली का? वाटली. ढोलकी? सरांनी बहुतेक फोन ठेवला.

उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, रक्कम यायला वेळ लागला, कारण आजीच्या नावात एका कागदावर वेलांटी ऱ्हस्व आणि दुसऱ्यावर दीर्घ निघाली. ते प्रकरण लिहायला वेगळी जागा लागेल. आता पेन्शन वेळेवर येते.

मध्यंतरी एका ओळखीच्यांनी सुचवलं, की पुन्हा शाळेत जा. रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना कंत्राटी घ्यायचं शासनानं २०२३ पासूनच काढलं होतं, तेव्हा महिना वीस हजार मानधन ठरवलं होतं. जागा तर अण्णांच्याच शाळेत रिकामी. मला वाटलं, उडी मारतील. अण्णांनी चहा संपवला आणि म्हणाले, "पोरं डी.एड. करून, टीईटी पास होऊन घरी बसलीत. पेन्शन खाऊन वर त्यांच्या ताटात हात घालू का मी?" ओळखीचे म्हणाले, तुम्ही नाही घेतलं तर दुसरा कुणीतरी निवृत्तच घेईल. "घेऊ दे. एप्रिलला लेकरं आली की लिंबाखाली बसायला मला कुणाचा आदेश लागत नाही."

"एप्रिलपर्यंत काय?" आईनं आतून विचारलं. तिचा प्रश्न रास्त होता. रिकामा वेळ घालवायला अण्णांनी तिच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर शाळेच्या भिंतीसारखी ठळक अक्षरात नावं लिहून चिकटवली आहेत, आणि हरभऱ्याच्या डब्यात तूर भरली की तिला बोलावून दाखवतात.